नकाशावर दोन विमानं एकमेकांवर चढलेली दिसली तर आधी काय बघायचं

परवा रात्री साडेनऊला आमच्या घरच्या ग्रुपवर भाच्यानं, उडणारी विमानं नकाशावर दाखवणारं ॲप असतं ना, त्याचा स्क्रीनशॉट टाकला. जालन्याच्या थोडं अलीकडं दोन पिवळी विमानं एकात एक घुसलेली आणि खाली लिहिलेलं, "मामा हे बघा, टक्कर व्हायली." नेमकी त्याच वेळी आत्याबाईंची नात मुंबईहून नागपूरला निघालेली. झालं! दोन मिनिटांत आत्याबाईंचा मला फोन, आवाज कापरा, "अरे तिचा फोन लागंना." विमानात कसा लागंल, पण ते त्यांना कोण सांगणार. मी ॲप उघडलं, दोन्ही विमानांवर बोट दाबलं, एक ३५ हजार फुटांवर, दुसरं ३६ हजारांवर. माझ्यापुरता विषय तिथंच संपला, आत्याबाईंना समजवण्यात मात्र पाऊण तास गेला, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं.

मी पायलट नाही, जमिनीवरून विमानांना उंची आणि वाट सांगणारा कंट्रोलरही नाही. संभाजीनगरात चिकलठाण्याला विमानतळाजवळ घर आहे, गच्चीवर खुर्ची टाकून विमानं बघायचा जुना नाद आहे आणि त्या नादापायी चार गोष्टी वाचल्यात, विचारल्यात, एवढंच.

पहिली गोष्ट, ॲपमधल्या विमानाच्या चित्राला भुलू नका. हे गणित एकदा करून बघा, मजा येते. संभाजीनगर ते नांदेड सरळ रेषेत साधारण २२० किलोमीटर. मोबाईलची स्क्रीन सात सेंटिमीटर रुंद धरा आणि तेवढ्यात ही दोन्ही गावं बसवा. आता विमानाचं चित्र अर्धा सेंटिमीटर असलं तर नकाशाच्या हिशोबानं ते विमान झालं जवळपास १५ किलोमीटर लांब! खरं ए-३२० जातीचं प्रवासी विमान केवढं असतं, तर साडेसदतीस मीटर. म्हणजे दोन विमानांमध्ये चांगलं १० किलोमीटर अंतर असलं तरी स्क्रीनवर ती एकमेकांच्या अंगावरच दिसणार. म्हणून आधी दोन बोटांनी झूम करा, एवढं झूम करा की रस्ते दिसायला पाहिजेत, मग बघा ती अजून चिकटलेली आहेत का. निम्म्या टकरा इथंच मिटतात.

झूम करूनही चिकटलेली असतील तर एकेकावर बोट दाबा आणि उंची बघा. नकाशा सपाट असतो हो, आभाळ सपाट नाही, आणि सगळी गडबड इथंच आहे. मोठी विमानं वरच्या पट्ट्यात उडताना एकमेकांच्या वर-खाली किमान १००० फूट ठेवतात, म्हणजे ३०५ मीटर. आपल्या देवगिरीच्या किल्ल्याची टेकडी पायथ्यापासून २०० मीटरच्या आसपास आहे, तिच्या दीडपट धरा. ऐकायला कमी वाटतं, पण हा नियमातला फरक आहे, चुकून राहिलेला नाही. आधी २९ हजारांच्या वर २००० फूट ठेवायचे, मग उंची मोजायची यंत्रं अचूक झाली आणि २००३ मध्ये आपल्याकडंही ते १००० वर आणलं, कारण तेवढ्याच आभाळात जास्त विमानं बसवायची होती.

आता इथं एक खूण सांगतो, ती पाठ करून ठेवा. पूर्वेकडं जाणारी विमानं साधारणपणे विषम हजारांवर असतात, ३३, ३५, ३७. पश्चिमेकडं जाणारी सम हजारांवर, ३४, ३६, ३८. मुंबई ते नागपूर सरळ रेघ ओढली तर ती बरोबर आमच्या डोक्यावरून जाते, म्हणून गच्चीवरून हे रोज दिसतं, नागपूरकडं चाललेलं ३५ वर आणि तिकडून येणारं ३६ वर, दोन्ही एकाच रेघेवर आणि समोरासमोर. स्क्रीनवर टक्कर, प्रत्यक्षात रोजची वाहतूक. (नांदेडवाल्यांनो, दिल्ली-बंगळुरू ही सरळ रेघ तुमच्या गावाजवळून जाते, तेव्हा तुम्हालाही हा खेळ भरपूर बघायला मिळत असणार.) भाच्याच्या स्क्रीनशॉटमध्ये हेच होतं.

उंचीत १००० फूट नसेल तर मग आडवं अंतर बघायचं. रडारवर विमानं दिसत असताना मधल्या प्रवासात किमान ५ नॉटिकल मैल ठेवतात, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, आणि मोठ्या विमानतळांच्या जवळपास ते ३ मैलांपर्यंत, म्हणजे साडेपाच किलोमीटरपर्यंत आणतात. जालना ते बदनापूर सरळ रेषेत साधारण १६ किलोमीटर, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त म्हणजे आपलं ५ मैलांचं अंतर, असा अंदाज धरा. आणि हे नीट लक्षात घ्या, दोन्हींपैकी एक अंतर पाळलेलं असलं तरी चालतं. उभं असेल तर आडवं शून्य चालतं, आडवं असेल तर उंची एकच चालते. दोन्ही एकाच वेळी मोडली तरच त्याला अंतराचा भंग म्हणतात, आणि तरीही त्याचा अर्थ टक्कर होता होता वाचली असा लगेच होत नाही. पेपरवाले मात्र भंग दिसला की "थोडक्यात अनर्थ टळला" लिहून मोकळे.

उंची बघताना एका बारीक गोष्टीत मी स्वतः फसलोय. ॲपवरची उंची जमिनीपासून मोजलेली नसते, ती हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि तो दाब १०१३ हेक्टोपास्कल आहे असं धरलेलं असतं. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १९११ फुटांवर आहे. दाब कमी असला की ॲपला विमान आहे त्यापेक्षा उंच वाटतं, म्हणून पावसाळ्यात दाब १००५ पर्यंत उतरला की धावपट्टीला टेकायला आलेलं विमानही ॲपवर २१०० च्या वर दाखवणार. मी एकदा असंच एक विमान "२१०० वर आहे, अजून लई वर आहे" म्हणून शेजाऱ्याला सांगितलं आणि तेवढ्यात ते समोर टेकलं, शेजारी अजून चिडवतो. पण टक्कर ओळखायच्या कामाला यानं बिघडत नाही, कारण दोन्ही विमानांना तीच चूक लागू असते, फरक तेवढाच राहतो. दुसरं, एखाद्या विमानाची उंची एका सेकंदात ३५ हजारावरून शून्य आणि परत ३५ हजार झाली तर विमान पडून परत उडालं नाही, सिग्नल गंडलाय. आणि जिथं विमानाचा सिग्नल पकडणारे रिसीव्हर कमी तिथं ॲप विमान पुढं अंदाजानं सरकवत राहतं, मग खरा सिग्नल आला की ते टुणकन उडी मारतं. अशा उडीच्या वेळचा स्क्रीनशॉट कुणी पाठवला तर त्याला किंमत शून्य.

उंचीच्या शेजारी अजून एक आकडा असतो, वर-खाली जायचा वेग, दर मिनिटाला किती फूट. विमानतळाजवळ मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वरच्या पट्ट्यात विमानं बहुतेक एका उंचीवर सरळ जातात, विमानतळाजवळ मात्र एक चढत असतं आणि एक उतरत असतं, म्हणजे आत्ता ४००० फुटांचा फरक असला तरी तो मिनिटा-दीड मिनिटात खलास होऊ शकतो. म्हणून एकच फोटो बघून काही कळत नाही, अर्धा-एक मिनिट बघत राहा, नाहीतर प्लेबॅक लावून मागं जा आणि बघा की चढणारं कुठं थांबलं, उतरणारं कुठं थांबलं. कंट्रोलर असंच करतात, वरच्याला एका उंचीवर थांबवतात, खालच्याला त्याच्या १००० फूट खाली, ओलांडून गेले की मोकळं सोडतात.

हे थांबणं चुकलं तर काय होतं ते आपल्या देशानं बघितलंय. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीजवळ हरियाणात चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोईंग ७४७ चढत होतं, त्याला १४ हजारांवर थांबायला सांगितलेलं, समोरून उतरणाऱ्या कझाकस्तानच्या इल्युशिन ७६ ला १५ हजारांवर. बरोबर १००० फूट. कझाक विमान १५ हजारांवर थांबलंच नाही, खाली येत राहिलं. ३४९ माणसं गेली, दोन्ही विमानांतलं कुणीच वाचलं नाही. त्या वेळी दिल्लीत येण्या-जाण्याचा मार्गही एकच होता आणि कंट्रोलरच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, पायलट सांगेल ती उंची खरी मानायची. त्यानंतर येणारे-जाणारे मार्ग वेगळे केले, उंची दाखवणारं रडार आलं, आणि विमानात टीकास पाहिजेच असा नियम झाला.

टीकास म्हणजे विमानातलं असं यंत्र की जे आजूबाजूच्या विमानांना आपणहून विचारत राहतं, तू किती उंचीवर, किती लांब. कंट्रोलरचा आणि त्याचा संबंध नाही, ते स्वतंत्र चालतं. टक्कर व्हायला अर्धा-पाऊण मिनिट राहिलं असं वाटलं की "ट्रॅफिक, ट्रॅफिक" ओरडतं, आणि तरीही जवळ येत राहिलं तर एका पायलटला "क्लाइंब", दुसऱ्याला "डिसेंड", दोघांची यंत्रं आपसात ठरवूनच सांगतात म्हणजे दोघंही एकाच बाजूला पळायला नकोत. समोरासमोर दोन विमानं असली की जवळ यायचा वेग ताशी १७०० किलोमीटरच्या घरात जातो, सव्वानऊ किलोमीटर २० सेकंदांत संपतात, तेवढ्या वेळात रेडिओवर कुणाला विचारत बसायला सवड कुठली. १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगनवर यंत्र म्हणालं वर जा, कंट्रोलर म्हणाला खाली जा, रशियन विमानानं कंट्रोलरचं ऐकलं, आणि समोरच्या मालवाहू बोईंगला त्याच्या यंत्रानं खालीच पाठवलेलं. ७१ जण गेले. तेव्हापासून पक्कं झालं की यंत्र आणि माणूस यांचं जुळलं नाही तर पायलटनं यंत्राचंच ऐकायचं.

पण विमानतळाच्या अगदी जवळ या यंत्राचं तोंड बांधलेलं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली ते वर जा-खाली जा असं सांगत नाही, कारण तिथं खाली जा म्हटलं तर जमीनच आहे. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर प्रवासी विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकलं, ६७ जण गेले, ते ३०० फुटांच्या आसपास होतं. पायलटला फक्त "ट्रॅफिक, ट्रॅफिक" एवढंच ऐकू आलं होतं. म्हणून मी म्हणतो, ३५ हजारांवर चिकटलेली विमानं बघून घाम फोडून घेऊ नका, लक्ष ठेवायचंच असेल तर खालच्या तीन-चार हजार फुटांत ठेवा. तिथं सगळं कंट्रोलरच्या आणि पायलटच्या डोळ्यांवर. ७ जानेवारी २०२२ ला बंगळुरूला तसंच झालं, दोन समांतर धावपट्ट्यांवरून एकाच कंपनीची दोन विमानं जवळपास एकाच वेळी उडाली, एक कोलकात्याचं, एक भुवनेश्वरचं, आणि हवेत एकमेकांकडं यायला लागली. एका धावपट्टीचं काम थांबवायचं ठरलेलं ते दुसऱ्या कंट्रोलरला कळवलंच नव्हतं. रडारवरच्या कंट्रोलरनं दोघांना वेगळ्या दिशांना वळवलं म्हणून वाचलं.

चिकलठाण्याला धावपट्टी एकच आहे, पूर्व-पश्चिम, त्यामुळं बंगळुरूसारखं व्हायचा प्रश्न नाही. इथं काय बघायचं ते सांगतो. उतरणारं विमान जालन्याच्या बाजूनं आलं तर ते पश्चिमेकडं तोंड करून उतरणार, शहरावरून आलं तर पूर्वेकडं. शेवटची घसरण तीन अंशांची असते, म्हणजे धावपट्टीपासून दर नॉटिकल मैलाला साधारण ३०० फूट. ५ मैलांवर असताना ते जमिनीपासून दीड हजार फुटांच्या थोडं वर पाहिजे, ॲपवर म्हणाल तर साडेतीन हजारांच्या पुढं-मागं. ह्या रेघेवर दुसरं कुणी त्याच उंचीत समोरून चढत येताना दिसलं तर ते खरंच वेगळं आहे, वेळ लिहून ठेवा.

ॲप नसेल तर नुसत्या डोळ्यांनीही अंदाज घेता येतो. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे आभाळातले १० अंश. डोक्यावर ३५ हजार फुटांवर दोन विमानं एकाच उंचीत असतील आणि नियमाप्रमाणं ५ मैल लांब असतील तर त्यांच्यात तुम्हाला चार मुठी दिसायला पाहिजेत. चार मुठी लई होतात, करून बघा. त्यापेक्षा जवळ दिसली तर घाबरायचं का, नाही, म्हणजे बहुतेक ती वर-खाली आहेत, आणि वर-खालीचे १००० फूट खालून डोळ्याला कळूच शकत नाहीत, दोन विमानांच्या दिसण्यात शंभरात तीनाचा फरक पडतो फक्त. दोन पांढरे पट्टे एकमेकांना कापून गेले म्हणून विमानं एकमेकांना कापून गेली असं नसतं.

तुम्ही स्वतः विमानात असाल तर? टीकास ओरडला आणि पायलटनं ऐकलं तर आत एवढंच जाणवतं की विमान अचानक वर किंवा खाली दबलं, लिफ्ट सुटल्यासारखं, थोड्या वेळात परत सरळ. उभं असलेला माणूस पडू शकतो, गरम चहा अंगावर येऊ शकतो, म्हणून बेल्टचा दिवा विझला तरी बेल्ट सैल करून का होईना पण लावून ठेवा, खरं काम एवढंच आहे. आणि उतरता उतरता एकदम इंजिनचा आवाज वाढला, नाक वर गेलं, चाकं परत आत घेतली तर त्याला गो-अराउंड म्हणतात, ती टक्कर चुकवलेली असेलच असं नाही. मागच्या पावसाळ्यात मी चिकलठाण्याला उतरत होतो, खाली घरांची पत्र्याची छपरं दिसायलेली आणि एकदम विमान वर. शेजारच्या काकू हनुमान चालिसा म्हणायला लागल्या. वीस मिनिटांनी निवांत उतरलो, कारण वारा. पायलटला धावपट्टीवर दुसरं विमान दिसलं, जनावर दिसलं, वारा फिरला, काहीही असलं तरी तो परत वर जातो आणि जायलाच पाहिजे.

आता आपल्या लोकांना एक बोलायचंय. बीड बायपास, जालना रोड, जिकडं बघावं तिकडं लॉन्स झालेत आणि प्रत्येक लग्नात ड्रोन. ड्रोनमध्ये टीकास नसतो आणि उतरणाऱ्या विमानाच्या पायलटला तो दिसत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाच नाही, आणि ८ ते १२ किलोमीटरमध्ये परवानगीशिवाय २०० फुटांच्या वर न्यायचा नाही. सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाईटवरच्या ड्रोनच्या नकाशावर आपलं लॉन शोधायचं, हिरवं आहे, पिवळं आहे की लाल, दोन मिनिटांचं काम. शूटिंगवाला म्हणतो "काही होत नाही भाऊ, रोज उडवतो." विमानतळाच्या आजूबाजूला काही होत नाही हे मला ह्या गावात कुणी सांगू नये. २६ एप्रिल १९९३ ला इथूनच उडालेलं बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला लागलं आणि ११८ पैकी ५५ माणसं गेली. ट्रकवाला रोजच्याच रस्त्यानं चाललेला.

हे सगळं बघूनही तुमची खात्री झाली की दोन्ही अंतरं मोडली होती, तर काय करायचं. ग्रुपवर टाकायच्या आधी वेळ, दोन्ही विमानांचे नंबर, दोन्ही उंच्या आणि वर-खाली जायचा वेग लिहून घ्या, प्लेबॅकचं रेकॉर्डिंग करून ठेवा. तुम्ही त्या विमानात प्रवासी असाल तर कंपनीला लिहा, सरकारच्या एअरसेवा ॲपवर तक्रार करता येते. खरोखर गंभीर प्रकार असेल तर विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं डीजीसीए किंवा विमान अपघात तपास ब्यूरो चौकशी करतं, आणि ब्यूरोचे अहवाल त्यांच्या वेबसाईटवर कुणालाही वाचायला मिळतात. ते वाचायला सुरुवात करा असं मी सांगेन, भाषा कोरडी असते, पण मिनिटा-सेकंदाचा हिशोब असतो आणि शेजारी पेपरातली बातमी ठेवून वाचली की कळतं कुणी किती मीठ-मसाला लावलाय. बातमीत उंचीतला आणि आडव्या अंतरातला, असे दोन्ही आकडे नसतील तर ती बातमी मी बाजूला ठेवतो.

भाच्याला हे सगळं शिकवलं, आता तो फोटोखाली आकडे टाकतो. काल रात्री दहाला परत मेसेज, दोन विमानं चिकटलेली, खाली लिहिलेलं: "३७ आणि ३८, समोरासमोर, मामा झोपा." आत्याबाईंनी त्याखाली शाबासकीचा अंगठा टाकलेला होता.